जुन्या कागदांतील नाती : पोर्तुगीज गोव्यातले थोरले आणि धाकटे

चतुर्थीला मूळ घरी भावकी जमली, आरत्या झाल्या, पानं उठली, की दुपारी कोणीतरी जुन्या कागदांचा विषय काढतोच. पेटीच्या तळाशी पोर्तुगीज भाषेतला एकही कागद नाही, अशी जुनी घरे आपल्या गोव्यात फार थोडी असतील. जन्माचा दाखला, लग्नाची नोंद, जमिनीचा दस्त, वारसांच्या वाटणीचे कागद, असे काहीतरी असतेच. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज होती. त्यामुळे घरात पोथी मराठी, पत्रे मराठी, जमाखर्च मोडीत आणि सरकारदरबारी मात्र आपले आजोबा-पणजोबा पोर्तुगीजमध्ये जन्मले, पोर्तुगीजमध्ये बोहल्यावर चढले आणि पोर्तुगीजमध्येच वारले. ती भाषा सहज वाचणारी पिढी आता जवळजवळ संपली. कागद उरले आहेत, आणि त्यांच्या आधारे हक्क सांगण्याची वेळ नेमकी आता आली आहे.

सरकारी नोकरीच्या निमित्ताने असे कागद अधूनमधून माझ्या हाताखालून जातात. मी पोर्तुगीजचा पंडित नव्हे. शब्दकोश आणि जुन्या जाणत्यांच्या संगतीने जेवढी आली तेवढीच. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली. लोकांना वाटते, या कागदांत अवघड असतात ती कायद्याची कलमे. कलमे वकील सांगतात. माणसे अडतात ती भाऊ, मुलगा, आजोबा अशा साध्या नात्यांच्या शब्दांवर.

आपल्या भाषेत नाते उच्चारले की अर्धा वंशवृक्ष उभा राहतो. काका म्हटले की बापाकडचा, मामा म्हटले की आईकडचा. आत्या आणि मावशी यांत घोटाळा होत नाही. पुतण्या वेगळा, भाचा वेगळा. चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ असे चार रस्ते चार दिशांना जातात. पोर्तुगीजमध्ये काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान हे सगळे 'तीउ'. आत्या, मावशी, काकू, मामी या सगळ्या 'तीया'. पुतण्या आणि भाचा दोघेही 'सोब्रीन्यु'. चारही प्रकारचे भाऊ 'प्रीमु'. या 'प्रीमु'ची गंमत अशी, की मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'पहिला' असा आहे. पहिल्या पिढीचा चुलत-मावसभाऊ या लांबलचक शब्दातला फक्त 'पहिला' तेवढा शिल्लक राहिला. नवऱ्याचा भाऊ, बायकोचा भाऊ, बहिणीचा नवरा हे तिघेही 'कुन्यादु'. आपल्याकडे दीर, मेहुणा आणि भावोजी यांना एका पंगतीला एकाच नावाने हाक मारली, तर पंगत उठायची!

थोरल्या-धाकट्याचेही तसेच. आपल्याकडे दादा आणि ताई हे शब्दच वय सांगतात. पोर्तुगीजमध्ये भाऊ म्हणजे 'इर्मांव', मग तो दहा वर्षांनी मोठा असो की दहा वर्षांनी लहान. वय सांगायचे तर पुढे 'माइश वेल्यु' म्हणजे अधिक वयाचा, किंवा 'माइश नोवु' म्हणजे अधिक नवा, असे जोडावे लागते. पहिल्या अपत्याला 'प्रिमोजेनितु' असा भारदस्त शब्द आहे. शेंडेफळाला 'बेंजामिं' म्हणतात, कारण बायबलात याकोबाचा सर्वांत धाकटा मुलगा बेंजामिन. ब्राझीलमध्ये याच अर्थी 'कासुला' हा शब्द चालतो आणि तो आफ्रिकेतल्या अंगोलाकडच्या किंबुंदू भाषेतून आलेला. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी मालकाच्या घरात मागे ठेवलेला हा एक शब्द. घरातल्या धाकट्याला हाक मारायला मालकाची भाषा अपुरी पडली, असे म्हणायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे तिचेच काम आहे. 'फील्यु' म्हणजे मुलगा, 'फील्या' म्हणजे मुलगी. अनेकवचन 'फील्युश'. याचा अर्थ 'मुलगे' असा होतो आणि 'मुलगे व मुली मिळून अपत्ये' असाही होतो. घरात चार मुली आणि एक मुलगा असला तरी पोर्तुगीज कारकून 'पाच फील्युश' असेच लिहिणार. तसेच 'इर्मांवश' म्हणजे भाऊ, किंवा भाऊ-बहिणी. 'पाइश' म्हणजे बाप नव्हेत, आई-वडील. फक्त मुलगेच म्हणायचे असतील तर पोर्तुगीजला 'वारांव', म्हणजे पुरुष, हा शब्द मुद्दाम पुढे जोडावा लागतो.

आता गंमत पाहा. ज्या भाषेत थोरल्या भावाला वेगळा शब्द नाही, त्या भाषेच्या देशात थोरलेपणाला जेवढी किंमत होती तेवढी आपल्याकडे कधीच नव्हती. राजाच्या मुलांपैकी गादीचा वारस तेवढा 'प्रिंसिप', बाकी सगळे 'इन्फांत'. समुद्रसफरींना चालना देणारा म्हणून जो प्रसिद्ध आहे तो हेन्रिक जन्मभर इन्फांतच राहिला. पहिल्या जुआंव राजाच्या हयात मुलांमध्ये त्याचा क्रम तिसरा. सरदार-जमीनदारांच्या घरात 'मोर्गादु'ची पद्धत होती. वडिलोपार्जित इस्टेट विकायची नाही, तोडायची नाही, ती अखंड थोरल्या मुलाकडे जायची. इस्टेटीला मोर्गादु म्हणत, ती मिळणाऱ्यालाही मोर्गादु म्हणत, आणि पुढे बोलीत थोरल्या मुलालाच तो शब्द चिकटला. धाकट्यांनी काय करायचे? चर्चमध्ये जायचे, सैन्यात जायचे, नाहीतर जहाजावर चढायचे. भारतात आलेल्या पोर्तुगीज फिदाल्गोंमध्ये, म्हणजे खानदानी सरदारांमध्ये, अशा धाकट्यांचा भरणा मोठा होता. १५१० मध्ये गोवा जिंकणारा आफोंसु द आल्बुकेर्क हा स्वतः बापाचा दुसरा मुलगा. आपल्या इतिहासाची पुस्तके मसाल्याचा व्यापार सांगतात, धर्मप्रसार सांगतात. घरी वाटा न मिळालेला धाकटा भाऊ हेही एक कारण होते, ते सहसा कोणी सांगत नाही.

आपल्याकडे मान थोरल्याचा, पण वाटे सारखे. जुन्या स्मृतींत ज्येष्ठाला जादा अंश देण्याच्या गोष्टी आहेत, पण व्यवहारात मिताक्षरेप्रमाणे भावाभावांचे शेर समसमान झाले. देवासच्या पवारांचे उदाहरण माळव्यातल्या वाचकांना सांगायला नको. तुकोजी आणि जिवाजी हे दोघे भाऊ, तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली आणि संस्थाने विलीन होईपर्यंत टिकली. पोर्तुगालमध्ये हे घडले नसते. तिथे जिवाजीराव जहाजात बसले असते!

पण ही समानता भावांपुरतीच. १५२६ मध्ये आफोंसु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गोव्यातल्या गावकऱ्यांच्या जुन्या चालीरीती लिहून काढल्या, ती सनद 'फोराल' म्हणून ओळखली जाते. वारसा मुलग्यांकडे जातो, मुलींकडे नाही, हीच रीत तीत नोंदलेली आहे. बहिणीला चोळी-बांगडी, माहेरपण, आणि बापाच्या ऐपतीप्रमाणे लग्न. जमिनीत नाव नाही.

नात्याच्या शब्दाचा अर्थ राज्यकर्त्याने ठरवला म्हणजे काय होते, याचे गोव्याच्या इतिहासातले सर्वांत कडू उदाहरण 'ऑर्फांव' हा शब्द आहे. ऑर्फांव म्हणजे अनाथ. १५५९ मध्ये लिस्बनहून हुकूम सुटला, की ज्या हिंदू मुलांचे आई-बाप वारले आहेत आणि ज्यांना आजी-आजोबांसारखे पूर्वजही उरलेले नाहीत, त्यांना जुने गोवे येथील साँव पावलु कॉलेजात नेऊन ख्रिस्ती धर्मात वाढवावे. हुकुमाचे शब्द नीट वाचले तर त्यांत आई-बाप आहेत, आजा-आजी आहेत, पण काका नाही. चुलती नाही, मामा नाही, मावशी नाही. पोर्तुगीज कायद्याच्या डोळ्यांना वरच्या सरळ रेषेतली माणसे तेवढी दिसत होती. एका चुलीवर जेवणारा चुलता त्यांच्या लेखी 'तीउ', म्हणजे आडवा नातेवाईक. आपल्याकडे एकत्र कुटुंबात चुलता असताना पोर अनाथ होते, ही कल्पनाच नव्हती. माय मरो पण मावशी उरो, असे म्हणणारा हा समाज.

पुढे तर हुकुमाचा अर्थ आणखी ताणला गेला आणि आई जिवंत असली, तरी बाप गेला म्हणजे मूल ऑर्फांव, असे धरले जाऊ लागले. 'पाय दुश क्रिश्तांवश', ख्रिस्त्यांचा बाप, अशा नावाचा अधिकारी हे काम पाही. नवऱ्याच्या मृत्यूची बातमी लपवून बायकांनी पोरे नदीपलीकडे आदिलशाही मुलखात धाडली. कुटुंबेच्या कुटुंबे देव घेऊन निघाली. आज आपल्यापैकी कितीतरी घराण्यांचा देव एका तालुक्यात आणि मूळ गाव दुसऱ्या तालुक्यात आहे, त्यामागे देवळांची मोडतोड जशी आहे, तशी ही पोरांची भीतीही आहे. 'ऑर्फांव' या एका शब्दात काका बसला असता, तर किती घरे हलली नसती.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोंडा, सांगे, डिचोली, सत्तरी, पेडणे हे नव्या काबिजादीचे तालुके पोर्तुगिजांकडे आले, तोवर वारे बदलले होते. तिथल्या लोकांना त्यांच्या रीतिरिवाजांना हात न लावण्याचे वचन देण्यात आले आणि १८५३ मध्ये त्या रिवाजांची एक संहिताच काढण्यात आली. मग पोर्तुगालमध्ये १८६३ च्या १९ मे रोजी मोर्गादु पद्धत रद्द झाली. ब्रागांसा राजघराण्याची मालमत्ता तेवढी वगळली. पाठोपाठ १८६७ ची नागरी संहिता आली आणि ती १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली. थोरल्याचा मक्ता गेला. सगळी 'फील्युश' सारखी. आणि इथे व्याकरणाने मोठे काम केले. 'फील्युश' शब्दात मुलीही होत्या. मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. बापाला मृत्युपत्र करून सगळे एका मुलाला देऊन टाकता येत नाही, मुलांचा ठरावीक हिस्सा राखूनच ठेवावा लागतो. आज तो निम्मा आहे. शिवाय लग्नात दुसरे काही ठरले नसेल, तर बायको निम्म्या मालमत्तेची मालकीण.

उर्वरित भारतात हिंदू मुलीला बापाच्या मिळकतीत वारसा मिळाला १९५६ च्या कायद्याने, आणि वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क देशभर मिळाला २००५ च्या दुरुस्तीने. महाराष्ट्राने ती सुधारणा १९९४ मध्ये आधीच केली होती. हे पाहता १८७० हे साल किती आधीचे, ते लक्षात येईल.

मात्र कोणी पोर्तुगीज राजवटीचे गोडवे गाऊ लागला, तर १६ डिसेंबर १८८० चे फर्मान त्याच्यापुढे ठेवावे. हिंदूंच्या रिवाजांना मान देण्यासाठी काढलेल्या या फर्मानात हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची सवलत कोणत्या अटींवर आहे, ते सांगितले आहे. बायको पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूलच झाले नाही, किंवा तिची तीस वर्षे पूर्ण होऊनही मुलगा झाला नाही, तर. म्हणजे वारशात मुलगी मुलाबरोबर, पण ती एकटीच असेल तर तिच्या आईवर सवत आणायला वाट मोकळी. हा रिवाज आपलाच होता, तो पोर्तुगिजांनी आणला नव्हता, हेही कबूल करायला हवे. त्यांनी त्याला वयाचे आकडे लावून दिले.

या संहितेतली मला सर्वांत आवडलेली तरतूद 'सोसियेदाद फामिलियार', कौटुंबिक भागीदारी, ही आहे. भावाभावांत, किंवा आई-बाप आणि सज्ञान मुलांत अशी भागीदारी होऊ शकते. ती लिहून करता येते. पण लिहिली नसली तरी, ही माणसे एक वर्षाहून अधिक काळ एका घरात, एका मेजावर, उत्पन्न-खर्च, नफा-तोटा एकत्र ठेवून राहिली असतील, तर भागीदारी झाली असे धरावे. कायदा केला पोर्तुगालच्या शेतकरी कुटुंबांसाठी, पण आपल्या एका चुलीच्या घराला तो मापाने शिवलेल्या सदऱ्यासारखा बसला. मेज म्हणजे चूल, एवढाच काय तो फरक. 'चूल वेगळी झाली' हे आपले वाक्य आणि 'मेजाचा एकोपा संपला' हे त्यांचे, दोन्ही एकच घटना सांगतात. जुन्या वादांत कोण कुठे जेवत होता, हा प्रश्न साक्षीदारांना का विचारला जाई, याचे उत्तर इथे आहे.

वारसांच्या वाटणीच्या कामाला 'इन्वेंतारियु' म्हणतात. हा शब्द गोव्यात आजही कोर्टात रोज ऐकू येतो. त्यात 'काबेस द काझाल' म्हणून एक माणूस नेमला जातो. शब्दशः अर्थ 'घराचे डोके'. हयात असलेला नवरा किंवा बायको हा पहिला मान. तसे कोणी नसेल तर मृताजवळ राहणाऱ्या वारसांचा विचार होतो, आणि बाकी सगळे सारखे असेल तर वयाने मोठा तो पुढे. आमच्याकडची मंडळी 'काबेस' हा शब्द ऐकला की मालक समजतात. काबेस मालक नव्हे. त्याने मालमत्तेची यादी द्यायची, वारसांची नावे द्यायची, हिशेब ठेवायचा. थोरल्या भावाला कायद्याने जे थोरलेपण शिल्लक ठेवले ते एवढेच: काम अधिक, वाटा तेवढाच.

आता 'फील्युश'कडे येतो. जुन्या दस्तात 'अमुक मृत झाला, मागे चार फील्युश' असे वाक्य असते आणि घरचा माणूस किंवा घाईतला भाषांतरकार त्याचे मराठी करतो, 'मागे चार मुलगे'. घराण्याच्या वंशावळीत तीनच मुलग्यांची नावे सापडतात. मग चौथा कुठे गेला, लहानपणीच वारला का, दत्तक गेला का, असा शोध चालू होतो. चौथा नसतोच. चौथी असते. ती लग्न होऊन डिचोलीला किंवा बेळगावला गेलेली असते, आणि तिचे नातू आज तिथे राहत असतात. भाषांतरातल्या एका शब्दाने ती कागदावरून नाहीशी झालेली असते आणि तिच्याबरोबर तिचा चौथा हिस्साही. हे नेहमी मुद्दाम होते असे मी म्हणणार नाही. आपल्या डोक्यात वारस म्हणजे मुलगा, हे इतके पक्के बसले आहे, की डोळ्यांना तेवढेच दिसते. म्हणून अशा ठिकाणी 'अपत्ये' असेच लिहावे आणि पुढच्या पानावरची नावे मोजावीत. नावाच्या शेवटी 'सोल्तेइरा' असेल तर अविवाहिता, 'काझादा' असेल तर विवाहिता, 'व्यूवा' असेल तर विधवा. ही विशेषणे स्त्रीलिंगी आहेत, ती बरोबर सांगतात.

आजोबांचा घोटाळा तर केवळ टोपीचा आहे. आजोबा 'आवो' आणि आजी 'आवॉ'. रोमन लिपीत दोन्हींची अक्षरे तीच. आजोबांच्या शेवटच्या अक्षरावर टोपीसारखी खूण, आजीच्या अक्षरावर तिरपी रेघ. हाताने लिहिलेल्या नोंदवहीत शाई पुसट झाली, की आजी कोण नि आजोबा कोण, ते नावावरूनच ओळखायचे.

५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले. धर्मावरून भेद संपला, हिंदूंना शाळा-नोकऱ्यांची दारे उघडली, आणि जन्म, विवाह, मृत्यू यांची नागरी नोंदणी सक्तीची झाली. थोड्याच वर्षांत ती गोव्यातही आली. तोवर ख्रिस्ती कुटुंबांच्या नोंदी चर्चमध्ये होत. आपल्याकडे जन्मपत्रिका असे, आणि घराण्यात कोणी हौशी निघाला तर वंशावळ. या नोंदवहीचा नमुना पाहण्यासारखा आहे. मुलाचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, मग बापाकडचे आजी-आजोबा आणि आईकडचे आजी-आजोबा, चौघांची नावे.

आपले छापील कुलवृत्तांत उघडून पाहा. पंधरा-सोळा पिढ्यांचे पुरुष ओळीने उभे असतात आणि बायका कंसात, तेही सासरच्या नावाने. 'रखमाबाई' एवढेच. ती कोणाची कोण, पत्ता नाही. पोर्तुगीज कारकुनाला आपल्या कुळाशी काही देणेघेणे नव्हते, पण छापील नमुन्यात रकाना होता म्हणून त्याने आईची आई विचारली आणि लिहिली. आपल्या पणजीच्या आईचे नाव कोणाला हवे असेल, तर ते बहुधा या परक्या भाषेतल्या वहीतच सापडेल. कुलवृत्तांतात नाही.

तिथेही एक अडचण आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलते. माहेरची शांता सासरी लक्ष्मी होते. नोंदवहीत कधी माहेरचे, कधी सासरचे, आणि कारकून जागा असला तर 'शांता आलियस लक्ष्मी'. 'आलियस' म्हणजे 'उर्फ'. हे ज्याला ठाऊक नाही तो एका आजोबांना दोन बायका करून देतो! त्यात 'श'साठी एक्स हे अक्षर, 'प्रभू'चे 'पोरोबु', 'कामत'चे 'कामोतीं' अशी रूपे. नावात बाब, नाना, अण्णा ही घरातली हाकच खरे नाव म्हणून शिरलेली असते. शिवाय नातवाला आजोबांचे नाव ठेवायची आपली रीत, त्यामुळे एकाआड एका पिढीत तेच नाव. पोर्तुगिजांकडेही हा प्रश्न होता. ते नावाच्या शेवटी 'फील्यु', 'नेतु' म्हणजे नातू, किंवा 'सोब्रीन्यु' असे चक्क लावत. आपण 'थोरले बाजीराव', 'थोरले माधवराव' म्हणतो, त्यातलाच प्रकार.

आज हे सगळे कशाला, असे कोणी विचारील. एक तर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या नोंदी पोर्तुगीज नागरिकत्वासाठी शोधणारे लोक वाढले. पण त्याहून मोठे कारण घरच्या जमिनीचे आहे. १९६२ च्या कायद्याने जुने कायदे पुढे चालू राहिले. वारसा आणि इन्वेंतारियु यांवर गोवा विधानसभेने स्वतःचा कायदा केला, तो २०१६ च्या डिसेंबरमध्ये लागू झाला. समान वाट्याचे तत्त्व त्यातही तेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असेही सांगितले, की गोव्याचा रहिवासी असलेल्या माणसाच्या गोव्याबाहेरच्या भारतातल्या मिळकतीलाही गोव्याचाच वारसा कायदा लागतो. म्हणजे पुण्याचा फ्लॅटही त्यात आला.

आणि तरीही गोव्यातल्या किती बहिणींच्या नावावर जमीन आहे, हे प्रत्येकाने आपापल्या घरात पाहावे. कागदावर दीडशे वर्षे हक्क आहे. बाप गेल्यावर महिना-दोन महिन्यांत बहिणीला माहेरी बोलावतात, पुरणपोळीचे जेवण होते, आणि दुसऱ्या दिवशी नोटरीपुढे हक्क सोडल्याची सही. तिला 'देझिश्तेंसिया' म्हणतात. जिवंत माणसाच्या वारशावर आधीच पाणी सोडता येत नाही, म्हणून सही बाप गेल्यावरच घ्यावी लागते. दुःख ताजे असते ते सहीला सोयीचेच पडते. कोणी खुशीने सही करते, त्यावर आक्षेप नाही. पण तिला कागद वाचून दाखवला का, वाटा किती होता ते सांगितले का, हे विचारावेसे वाटते. सही न करणाऱ्या बहिणीचे माहेर तुटते, ही भीती कुठल्याही संहितेत लिहिलेली नाही, पण ती सगळ्या कलमांपेक्षा बळकट आहे. माझ्या मते आपल्या समाजाने या बाबतीत पोर्तुगीज कायदा हातात घेतला आणि १५२६ चा फोरालच चालवला.

भाषेने मात्र आपले काम उलट्या दिशेनेही केले. मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फु दाल्गादु या गोमंतकीय विद्वानाने १९१३ मध्ये आशियातल्या भाषांत गेलेल्या पोर्तुगीज शब्दांचे एक मोठे पुस्तक छापले. मेज, पाव, बटाटा, चावी, पगार असे शब्द आपण मराठीत घेतले, पण नात्यांचे घेतले नाहीत. हिंदू घरांत काका काकाच राहिला. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे मात्र पाय, मांय, तीउ, कुन्याद, प्रीम, पादिन हे शब्द कोंकणीत मिसळून गेले. पण तिथेही थोरल्या बहिणीला नुसते 'बहीण' म्हणणे जमेना. पोर्तुगीज घरांत भावाबहिणींना लाडाने 'मानु' आणि 'माना' म्हणतात, मग ती थोरली असोत की धाकटी. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांतून त्यातली 'माना' थोरल्या बहिणीसाठी राखली गेली. धाकटी बहीण नावाने, थोरली 'माना'. आमच्या वाड्यावर आजही सत्तरीतली बाई पंचाहत्तरीतल्या बहिणीला कुंपणावरून 'माना' अशीच हाक मारते.